दुसऱ्याचे केस, आपले मस्तक

मानवी केसांचा टोप घरच्या घरी रंगवावा की रंगवू नये, हा काही ईश्वरविज्ञानाचा विषय नव्हे, असे वाचकांपैकी बहुतेकांना वाटेल. हा विषय सौंदर्यप्रसाधनांच्या पानावर शोभावा, ख्रिस्ती मासिकात नव्हे, असेही काहींना वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न आपली ओळख सांगून घरात येत नाहीत. ते न्हाणीघरातून येतात, बाजाराच्या पिशवीतून येतात, आणि पुष्कळदा रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर सहज बोललेल्या एखाद्या वाक्यातून येतात. हा प्रश्न असाच आला.

महाराष्ट्राबाहेरील एका शहरातल्या मराठी मंडळीतील एका भगिनीने तो मजपुढे ठेवला. त्या शाळेत शिक्षिका आहेत. कर्करोगावरील औषधोपचारांत त्यांचे केस गेले. उपचार पूर्ण झालेल्या दुसऱ्या एका भगिनीने आपला टोप त्यांना प्रेमाने दिला. टोप खऱ्या मानवी केसांचा, म्हणून मोलाचा. परंतु उन्हाने व वारंवार धुण्याने त्याचा रंग उडून तो तांबूस झाला होता. शिक्षिकाबाईंनी सुनेच्या मदतीने तो घरीच काळसर तपकिरी रंगवला आणि पुढच्या रविवारी तो घालून त्या उपासनेस गेल्या. तेथे महिला मंडळातील एका वडीलधाऱ्या बाईंनी, मनात दुष्टावा नसताना, त्यांना म्हटले, "बाई, केस खोटे आणि त्यावर रंगही खोटा. असे डोके घेऊन प्रभूच्या मेजाशी कसे यायचे?" त्या दिवशी आमच्या भगिनी प्रभुभोजन न घेता घरी परतल्या.

वाचकहो, एका वाक्यामुळे एक विश्वासणारी स्त्री, तीही आजारातून उठलेली, प्रभूच्या मेजापासून दूर राहिली. म्हणून हा प्रश्न लहान म्हणून सोडून देता येत नाही. खोटे कशाला म्हणायचे? खोटेपणा केसांत असतो, रंगात असतो, की आणखी कोठे असतो? या गोष्टीचा आपण शास्त्राच्या प्रकाशात व थोडा धीर धरून विचार करू.

काम कसे असते

ज्या कृतीचा न्याय करायचा ती कृती आधी नीट ठाऊक असावी. टोप रंगवण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. केस मानवी आहेत की कृत्रिम धाग्याचे, हे प्रथम पाहावे लागते. टोपाच्या आतल्या बाजूचा एखादा केस कापून जाळला, तर मानवी केसाला जळक्या केसाचा परिचित वास येतो व त्याची राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा मात्र वितळून त्याचा कठीण मणी होतो. कृत्रिम धाग्यावर केसांचा कलप धरतच नाही. मानवी केसांवर तो धरतो, पण तेथेही मर्यादा आहे. रंग गडद करता येतो. फिका करणे धोक्याचे असते. टोपासाठी वापरलेले केस कारखान्यात बहुधा एकदा रसायनांतून गेलेले असतात. त्यांना पुन्हा ब्लीच लावले, तर ते कोरड्या गवतासारखे होऊन तुटू लागतात.

म्हणून जाणती माणसे सौम्य, अमोनियाविरहित कलप निवडतात आणि तो आधी आतल्या एका लहानशा बटेला लावून पाहतात. टोप धुऊन, टोकांकडून सुरुवात करून हळूहळू वर विंचरत गुंता काढतात. ज्या जाळीला एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो, तिला रंग लागू देत नाहीत. कारण जाळीवर पडलेला डाग कपाळाच्या कडेला दिसतो, आणि गाठी कमकुवत झाल्या तर केस गळू लागतात. नेमून दिलेला वेळ झाला की पाणी स्वच्छ येईपर्यंत टोप धुवायचा, पिळायचा नाही, पंचाने टिपून घ्यायचा व सावलीत वाळवायचा. पुष्कळ कलपांत आणि बाजारात मिळणाऱ्या काळ्या मेंदीतही पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे द्रव्य असते. काहींच्या त्वचेला ते मुळीच सोसत नाही. अंग सुजते, फोड येतात. रंग टोपाला लावायचा असतो, डोक्याला नव्हे, हे खरे. तरी तो टोप शेवटी उपचारांनी नाजूक झालेल्या टाळूवरच बसायचा असतो. म्हणून तो पूर्ण धुतल्यावाचून घालू नये, रंगवणाऱ्याने हातमोजे वापरावेत, आणि उपचार चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारावे.

या कामातली एक गोष्ट मला विशेष वाटते. जिवंत डोक्यावर कलप बिघडला तर केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. बिघाड हळूहळू टोकाकडे सरकतो आणि एके दिवशी कात्रीने निघून जातो. टोपाला मूळ नाही. त्यावर झालेला बिघाड तसाच राहतो. त्यामुळे तो रंगवणारे हात जपून चालतात. त्या सासूसुनेने न्हाणीघरात जे केले, त्यात काळजी पुष्कळ होती, एवढे आपण आरंभीच मान्य करू. पण काळजीपूर्वक केलेले कामही खोटे असू शकते. तेव्हा येथेच थांबता येत नाही.

एक केसही पांढरा किंवा काळा

केसांच्या रंगाचा विषय निघाला की डोंगरावरील प्रवचनातील एक वचन हमखास पुढे केले जाते. मनुष्याला आपला एक केसही पांढरा किंवा काळा करता येत नाही, असे प्रभूने तेथे म्हटले आहे (मत्तय ५:३६). त्यावरून कोणी असे अनुमान काढतात की कलप लावणे म्हणजे प्रभूच्या शब्दाविरुद्ध जाणे. परंतु वचनाच्या मागचापुढचा संदर्भ पाहा. तेथे विषय शपथेचा आहे. मनुष्य आपल्या मस्तकाची शपथ वाहतो, जणू मस्तक त्याच्या मालकीचे आहे. प्रभू त्याला आठवण देतो की ज्याच्या वाढत्या वयावर तुझी सत्ता नाही त्याची शपथ तू कशी वाहतोस.

त्या काळी कलप नव्हता, असेही नाही. हेरोद राजा म्हातारपण लपवण्यासाठी केस काळे करतो, असा त्याचा मुलगा आलेक्सांद्र याच्या तोंडचा टोमणा यहूदी इतिहासकार योसेफस याने नोंदवून ठेवला आहे. म्हणजे केस वरून काळे करता येतात, हे त्या काळच्या लोकांना चांगलेच ठाऊक होते. रंग वरून बसतो, वय आतून चालते. कलपाने वय मागे जात नाही. वचनाचा रोख मनुष्याच्या सत्तेच्या भ्रमावर आहे. त्यात प्रसाधनावर बंदी शोधणे म्हणजे प्रभूने न बोललेले त्याच्या तोंडी घालणे होय.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही, कारण भाषांतरात ती झाकली जाते. ईजबेल राणीने मरणापूर्वी डोळ्यांत जे अंजन घातले (२ राजे ९:३०), त्यासाठी हिब्रूत 'पूक' हा शब्द आहे. ईजबेलीमुळे त्या शब्दाची आपल्याकडे बदनामी झाली. परंतु ईयोबाचे दुःख सरल्यावर देवाने त्याला ज्या तीन मुली दिल्या त्यांतील धाकटीचे नाव केरेन-हप्पूक, म्हणजे अंजनाचे शिंग, अंजन ठेवण्याची डबी, असे आहे (ईयोब ४२:१४). विशेषनाम म्हणून आपण ते जसेच्या तसे ठेवतो आणि त्याचा अर्थ वाचकापर्यंत पोहोचत नाही. एकच शब्द एका ठिकाणी गर्विष्ठ राणीच्या खिडकीत आहे, दुसऱ्या ठिकाणी रोगातून व शोकातून सावरलेल्या घराच्या आनंदात आहे. रंग दोन्हीकडे तोच. तेव्हा निवाडा रंगाच्या डबीवरून करता येणार नाही.

लपवणे आणि फसवणे

मग निवाडा कशावरून करायचा? परक्याचे केस अंगावर घालून केलेल्या फसवणुकीची एक कथा शास्त्रात आहे, आणि ती आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकलेली आहे. रिबकेने करडांची कातडी याकोबाच्या हातांवर व मानेच्या गुळगुळीत भागावर बसवली, आणि आंधळ्या इसहाकाने ते केस चाचपून एसावाचा आशीर्वाद याकोबाला दिला (उत्पत्ती २७). येथे खोटेपणा नेमका कोठे आहे? करडाच्या केसांत नाही. याकोबाला बापाकडून असे काही घ्यायचे होते, जे बापाने त्याला सत्य कळल्यावर दिले नसते, आणि जे घेतल्याने भावाचे नुकसान होणार होते. केस हे त्या घेण्याचे साधन झाले. शिवाय बापाने तू कोण आहेस म्हणून सरळ विचारले, तेव्हा त्याने तोंडाने असत्य सांगितले.

या कथेतून आपल्याला एक कसोटी मिळते. जे मी झाकतो आहे ते जाणण्याचा समोरच्याला हक्क आहे काय, आणि ते झाकून मी त्याच्याकडून काही काढून घेतो आहे काय? विवाह ठरवताना टक्कल किंवा गंभीर आजार टोपाखाली दडवून होकार मिळवला, तर तो टोप याकोबाच्या हातावरचे कातडेच होय, मग त्यावर कलप लावलेला असो वा नसो. सांधलेले केस अखंड, उत्तम प्रतीचे म्हणून विकणारा व्यापारीही त्याच पंक्तीत बसतो. परंतु शाळेच्या वर्गात चाळीस मुलांपुढे उभी राहणारी शिक्षिका आपल्या आजाराची बातमी डोक्यावर मिरवत नाही, यात ती मुलांकडून काय काढून घेते? तिच्या पतीला ठाऊक आहे, मुलांना ठाऊक आहे, पाळकांना ठाऊक आहे. ज्यांना जाणण्याचा हक्क आहे ते सर्व जाणतात. प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यापुढे आपले दुखणे उघडे करावे, अशी आज्ञा देवाने कोणाला दिलेली नाही.

आज्ञा नाही एवढेच नव्हे. प्रभूने याच्या उलट शिकवण दिलेली आहे. उपासाविषयी बोलताना तो ढोंग्यांचे वर्णन करतो (मत्तय ६:१६-१८). 'ढोंगी' यासाठी ग्रीक शब्द आहे 'हुपोक्रितेस', म्हणजे मुखवटा घालून रंगभूमीवर येणारा नट. हा शब्द ऐकून आपल्याला वाटेल की प्रभू आता सजण्याविरुद्ध, रंगवण्याविरुद्ध बोलणार. परंतु तेथील नट आपला चेहरा सजवत नाही. तो तो विद्रूप करतो. मूळ भाषेत तेथे एक शब्दखेळ आहे, जो मराठीत आणणे आम्हा भाषांतरकारांना नीटसे साधत नाही. चेहरा 'दिसेनासा' करायचा, तो यासाठी की आपण लोकांना 'दिसावे'. म्हणजे कष्टाचे प्रदर्शन हाच तेथला मुखवटा आहे. आणि जो खरोखर उपास करतो त्याने काय करावे? त्याने डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, आणि आपला उपास लोकांना कळू देऊ नये. गुप्तदर्शी पित्याला तो कळतो तेवढे पुरे.

विचार करा. उपाशी मनुष्याने तृप्त मनुष्यासारखे दिसावे, असे प्रभू सांगतो, आणि त्याला तो ढोंग म्हणत नाही. दुःख लपवण्यासाठी केस नीटनेटके करणे त्याने केवळ चालवून घेतले नाही, तर शिकवले. ज्या भगिनीने टोप रंगवला, तिने त्या काळच्या तेलाच्या जागी आपल्या काळातले साधन घेतले, इतकेच. तिने निःशंक मनाने प्रभुभोजनास जावे. त्या मेजाशी येण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे प्रेषित सांगतो. शेजारणीच्या डोक्याची परीक्षा करण्याचे काम त्याने कोणाकडे सोपवलेले नाही.

आपली नजर

आणि शेजारणीच्या डोक्याकडे पाहण्याची आपली सवय जुनी आहे. महाराष्ट्राच्या भूमीत स्त्रीचे केसावाचूनचे डोके हे केवळ आजाराचे लक्षण कधीच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ते अशुभाचे चिन्ह मानले गेले. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात जगापुढे मांडले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही आपल्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावी मुक्ती मिशनमध्ये टाकलेल्या स्त्रियांना आश्रय दिला, आणि १९२२ साली प्रभूघरी जाईपर्यंत मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात आपले उरले आयुष्य वेचले.

ती रूढी मागे पडली. परंतु नजर पूर्णपणे मागे पडली असे म्हणता येणार नाही. आजही केस गेलेल्या स्त्रीला लग्नमंडपात, बारशात, बसच्या रांगेत ती नजर भेटते. मग ती टोप घालते. तेव्हा आपण तिला खोटी म्हणतो! आधी उघड्या डोक्याने जगणे तिला अशक्य करायचे आणि मग झाकलेल्या डोक्याबद्दल तिला दोष द्यायचा, हे ख्रिस्ताच्या मंडळीला शोभत नाही.

कोणी म्हणेल की स्त्रीचे केस हे तिचे आच्छादन आहे, असे स्वतः पौल म्हणतो (१ करिंथ ११:१५). होय, तेथे 'पेरिबोलायोन' हा शब्द आहे, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र. हाच शब्द निर्गमाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात एका हृदयस्पर्शी ठिकाणी येतो. गरिबाने आपले पांघरूण गहाण ठेवले असेल, तर ते सूर्यास्तापूर्वी त्याला परत करावे, कारण त्याच्यापाशी तेवढेच पांघरूण आहे. ते नसेल तर तो कशावर निजेल (निर्गम २२:२६-२७)? आच्छादन गेलेल्या मनुष्याला ते परत मिळवून देणे ही देवाच्या लोकांवरची जबाबदारी आहे. तेव्हा पौलाच्या या वचनाचा आधार घेऊन कोणाच्या डोक्यावरचे आच्छादन ओढून काढता येणार नाही. ज्या भगिनीने आपला टोप दुसरीला दिला, तिने हे वचन आपल्यापेक्षा अधिक नीट वाचले होते.

केस कोणाचे?

येथपर्यंत टोप घालणारीची बाजू मांडली. आता एका अशा व्यक्तीकडे वळले पाहिजे, जिचा विचार ना त्या वडीलधाऱ्या बाईंनी केला, ना बहुधा आपणही केला असता. ते केस मुळात कोणाचे?

आद्य मंडळीच्या आचार्यांनी हा प्रश्न विचारलेला आहे. आलेक्सांद्रियाचा क्लेमेंट याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी 'पेडागोगस' या आपल्या ग्रंथात परक्या केसांवर कडक टीका केली. पाळक जेव्हा आशीर्वादासाठी मस्तकावर हात ठेवतो, तेव्हा तो आशीर्वाद कोणाला जातो, समोरच्या स्त्रीला की जिचे ते केस आहेत तिला, असा त्याचा सवाल. त्याच सुमारास कार्थेजच्या तर्तुल्लियनानेही रंगवलेल्या व उसन्या केसांचा धिक्कार केला. त्यांच्यासमोरचा समाज निराळा होता. रोमी साम्राज्यातील धनिक स्त्रिया केवळ मिरवण्यासाठी सोनेरी केसांचे टोप घालत, आणि ते केस पुष्कळदा युद्धात पाडाव केलेल्या जर्मन स्त्रियांच्या डोक्यांवरून आलेले असत. आजारी स्त्रीवर त्यांचा कठोर शब्द लागू करणे अन्यायाचे होईल. परंतु क्लेमेंटचा सवाल मला टाकून देता येत नाही. त्याने तो निंदेसाठी विचारला. आपण तो कृतज्ञतेसाठी विचारू. केसांखाली एक मस्तक आहे, तसे केसांमागेही एक मस्तक आहे.

ते मस्तक बहुधा आपल्याच देशातले आहे. जगभरच्या टोपांसाठी लागणाऱ्या मानवी केसांचा मोठा भाग भारतातून जातो. त्यातला काही देवस्थानांतून येतो. तिरुमला येथे भाविक स्त्रीपुरुष नवस फेडण्यासाठी मुंडण करतात व देवस्थान त्या केसांचा लिलाव करते. दुसरा भाग खेड्यापाड्यांतून येतो. विंचरताना निघालेले गुंतवळ जपून ठेवून त्याच्या बदल्यात फुगे, भांडी किंवा थोडे पैसे घेणाऱ्या आयाबहिणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. ते गुंतवळ कर्नाटकात कोप्पळजवळील भाग्यनगरसारख्या ठिकाणी जाते. तेथे ते सोडवून, धुऊन, लांबीप्रमाणे लावले जाते, आणि या बारीक कामासाठी अनेकांचे हात दिवसभर राबतात.

देवस्थानातील केस म्हटले की काही ख्रिस्ती वाचक दचकतील. असा प्रश्न यहूदी समाजापुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता. सनातनी यहूदी विवाहित स्त्रिया आपले केस झाकण्यासाठी टोप वापरतात. २००४ च्या मे महिन्यात यरुशलेममधील थोर धर्मगुरू योसेफ शालोम एल्याशिव यांनी भारतातील देवस्थानांत अर्पण झालेल्या केसांचे टोप निषिद्ध ठरवले, आणि यरुशलेमपासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनपर्यंत रस्त्यांवर टोपांच्या होळ्या पेटल्या. त्यांच्या निष्ठेचा आपण आदर करू. परंतु आपल्याला प्रेषित पौलाने दुसरी वाट दाखवली आहे. करिंथच्या मांसबाजारात, ज्याला त्याने लॅटिनमधून आलेला 'माकेल्लोन' हा रोजच्या व्यवहारातला शब्द वापरला, जे विकत मिळते ते विवेकबुद्धीसाठी चौकशी न करता खावे, कारण पृथ्वी व तिच्यातले सर्व काही प्रभूचे आहे (१ करिंथ १०). आणि नवसाचे केस म्हणून तुच्छतेने नाक मुरडण्यापूर्वी हेही आठवावे की पौलाने स्वतः नवस फेडताना किंख्रियास आपल्या डोक्याचे केस कापून घेतले होते (प्रेषितांची कृत्ये १८:१८). आपला विश्वास त्या तीर्थयात्रेकरू स्त्रीच्या विश्वासाहून वेगळा आहे. तरी आपल्यापाशी होते त्यातले सुंदर ते तिने भक्तिभावाने दिले, एवढे तरी आपल्याला समजले पाहिजे.

त्याच अध्यायात पौल दुर्बळ विवेकाच्या बंधूसाठी आपला हक्क सोडण्याबद्दलही बोलतो, हे मी विसरलेलो नाही. पण तेथे सोडणारा सबळ आहे व सोडतो तो स्वखुशीने. आजारातून उठलेल्या स्त्रीकडून सबळांनी काही सोडवून घ्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

मात्र एका बाबतीत पौलाच्या 'चौकशी करू नका' या सल्ल्यामागे आपण दडू नये. तो सल्ला मूर्तीविषयी आहे, मजुरीविषयी नाही. मजुराची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते व तिचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे याकोबाच्या पत्रात आहे (याकोब ५:४). नवस फेडणारी स्त्री लिलावाच्या पैशातले काही घेत नाही. गुंतवळ देणाऱ्या बाईच्या हाती एखादे भांडे पडते. आणि तोच माल शेवटी हजारो रुपयांना विकला जातो. येथे ख्रिस्ती मनुष्याने चौकशी केली पाहिजे. दुकानदाराला विचारावे की हे केस कोठून आले, कोणाला काय मिळाले. त्याला उत्तर देता आले नाही, तरी प्रश्न विचारला गेला याचे मोल आहे.

आणि रंगाचा खरा धोका मला येथे दिसतो. अनोळखी स्त्रीचे केस आपण आपल्या रंगात बुडवतो, तेव्हा ते तिचे होते याची शेवटची खूणही पुसली जाते. लोकांनी ते आपले समजावे, यात पाप नाही. आपण स्वतः ते आपले समजू लागलो, तर मात्र असत्याला सुरुवात होते, कारण मिळालेले दान आपण कमावलेली वस्तू मानली जाते. म्हणून, प्रिय भगिनींनो, ज्यांना हे काम करावे लागते त्यांना माझी एक विनंती आहे. कलप लावण्यापूर्वी ते केस हातात घ्या आणि ज्या डोक्यावर ते वाढले तिच्यासाठी प्रार्थना करा. तिचे नाव तुम्हाला ठाऊक नाही. ज्याने तिच्याही डोक्यावरचे केस मोजलेले आहेत त्याला ते ठाऊक आहे. तुमचे स्वतःचे केस परत आले म्हणजे टोप स्वच्छ धुऊन दुसऱ्या गरजू भगिनीला द्या. ज्यांचे केस लांब व निरोगी आहेत अशा आपल्या मंडळीतल्या मुलींनी वर्षा-दोन वर्षांनी एक वेणी द्यावी. आणि ज्या भगिनीला टोप नको असेल, जिला उघड्या डोक्यानेच उपासनेस यावेसे वाटेल, तिच्यासाठी बाकावरची जागा तितक्याच सहजपणे मोकळी असावी.

आपण सर्वच उसन्या आच्छादनात उभे आहोत, हे विसरू नये. एदेन बागेत लज्जित झालेल्या पहिल्या जोडप्याने पानांची वस्त्रे शिवली. देवाने त्यांना त्याबद्दल ढोंगी म्हटले नाही. त्याने स्वतः त्यांच्यासाठी चामड्याचे अंगरखे केले व त्यांना घातले (उत्पत्ती ३:२१). ते चामडे दुसऱ्या जिवाचे होते. आणि बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाने ख्रिस्ताला परिधान केले आहे, असे प्रेषित म्हणतो (गलती ३:२७). आपल्या अंगावरची ती नीतिमत्ता आपली नव्हे. दुसऱ्याने किंमत देऊन ती आपल्याला दिली. असे आच्छादन घेतलेल्या मनुष्याने शेजारणीच्या डोक्याकडे पाहताना नजर खाली करावी, हेच बरे.